गावाकडच्या कलाकारांची एकत्र शिबिरं: पैसा आणायचा कुठून आणि आधी खर्चायचा कशावर?

बहारू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते. लांबेल, सांभाळून घ्या.

मी डहाणू तालुक्यात चित्रकला शिकवते. मागच्या डिसेंबरात आम्ही चार मैत्रिणींनी एका पाड्यावर सहा दिवसांचं शिबिर केलं. पाच वारली चित्रकार आणि कुडाळजवळच्या पिंगुळीहून आलेले तीन चित्रकथीकार, असे आठजण. त्यात शिकवणारं कुणी नव्हतं आणि शिकणारंही कुणी नव्हतं. दोघादोघांनी मिळून एका कापडावर चित्र काढायचं, एवढंच ठरलं होतं.

पहिला दीड दिवस कुणी कुणाच्या कापडाला हात लावेना. पिंगुळीचे काका आपल्या बाजूला चौकट आखून बसले. त्यांच्याकडे गोष्ट पानापानाने पुढे जाते. एकेक चित्र समोर धरायचं, वीणा-हुडुकच्या साथीवर कथा सांगायची आणि पुढचं पान घ्यायचं. आमच्या आजींनी गेरूने सारवलेल्या कापडावर मधोमध तारपा हे वाद्य वाजवणारा तारपावाला काढला आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची रांग वळवत नेली. चौकट नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आजी, ह्यो नाच खयसून सुरू होता?" आजींनी बहारूचं, म्हणजे चित्र काढायच्या बांबूच्या काडीचं, टोक दातांनी चावून मऊ करत उत्तर दिलं, "तू बघशील तिथून." त्यानंतर काकांनी आपली चौकट ओल्या फडक्याने पुसली. तिसऱ्या दिवशी त्या वर्तुळाच्या आत मोठ्या डोळ्यांचा चित्रकथीतला मारुती येऊन बसला होता आणि नाचणारे त्याला वळसा घालून जात होते. असं चित्र मी आजवर कुठेच बघितलं नव्हतं.

आता हिशेब. आठ जणांचा सहा दिवसांचा रोज, माणशी दिवसाला १,००० प्रमाणे ४८,०००. पिंगुळीकरांचा येण्याजाण्याचा खर्च ६,०००. आम्ही धरून बाराजणांचं सहा दिवसांचं जेवण-चहा १८,०००. कापड, कागद, रंग, गेरू ९,०००. ज्यांच्या ओसरीवर बसलो त्या घराला ४,०००. एकूण ८५,०००. आम्ही चौघी आणि दोन मित्र यांनी हे पैसे घातले. दरवर्षी जमणार नाही, म्हणून इथे विचारतेय.

पण पैसा कुठून आणायचा याच्याआधी तो कशावर खर्चायचा हे मला नक्की करायचंय. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या शिबिराला मी मदतनीस म्हणून गेले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. मांडव, कमान, फ्लेक्स, पाहुण्यांच्या गाड्या, शाल-श्रीफळ, छापील पिशव्या, सगळं होतं. चार दिवस चित्रं काढणाऱ्या कलाकारांना शेवटी प्रमाणपत्र आणि प्रवासाचे पाचशे रुपये मिळाले. चित्रं संस्थेकडे राहिली. त्यांतलं एक नंतर मी कॅलेंडरवर पाहिलं. जिने ते काढलं होतं तिला मी ते कॅलेंडर नेऊन दाखवलं, तेव्हा ती काहीच बोलली नाही, नुसती पान उलटत राहिली. म्हणून आमचा नियम असा की कलाकाराच्या दिवसाचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढायचे. चित्र होवो न होवो, विकलं जावो न जावो. मग उरलेल्यात बसेल तेवढाच बाकी खर्च.

कागद पहिल्यांदा गावात आला तेव्हाची गोष्ट इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधल्या मिथिलेतल्या बायकांना कमाईचं साधन मिळावं म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाने आपल्या चित्रकार भास्कर कुलकर्णींना तिकडे पाठवलं. त्यांनी कागद वाटला आणि चित्रं पैसे देऊन विकत घेतली. पुढे सत्तरच्या दशकात तेच कुलकर्णी आमच्या गंजाडला आले आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या हातात कागद पडला. मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे या सगळ्याची सुरुवात शाल-श्रीफळाने नाही, कागद आणि रोख पैशाने झाली. मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं.

तर, पुढच्या शिबिरासाठी कुणाकडे जावं? अनुभव असेल त्यांनी सविस्तर लिहा.

कोष्टक

बहारूताई, धागा फार चांगला काढलात. मी सनदी लेखापाल आहे, दोन-तीन संस्थांचे हिशेब बघतो. सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाबद्दल लिहितो, कारण पहिला सल्ला सगळे तोच देतील.

ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. कोणती कामं चालतात त्याची यादी सातव्या परिशिष्टात आहे आणि तीत पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास स्पष्ट लिहिलेला आहे. त्यामुळे "कलेला सीएसआर बसत नाही" असं कुणी म्हणालं तर परिशिष्ट पुढे ठेवा.

अडचण दुसरीकडे आहे. चार मैत्रिणींच्या गटाला कंपनी पैसे देऊ शकत नाही. संस्था नोंदलेली हवी, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी हवी, तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक हवा. नवी संस्था काढून यात पडू नका. तालुक्यात आधीच काम करणारा एखादा विश्वासू ट्रस्ट गाठा आणि त्याच्यामार्फत प्रस्ताव द्या. ट्रस्ट स्वतःसाठी किती टक्के ठेवणार आणि कलाकारांचे पैसे किती दिवसांत देणार, हे मात्र आधी लेखी घ्या.

अंदाजपत्रकात "मानधन" हा शब्द वापरण्याआधी कंपनीच्या लोकांशी बोलून घ्या. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या साच्यात प्रशिक्षकाला पैसे असतात आणि प्रशिक्षणार्थीला नुसतं जेवण. तुमचे आठही जण प्रशिक्षणार्थीच्या रकान्यात गेले की रोज गेला. आठही जणांना "साधन व्यक्ती" म्हणून दाखवा. खोटं काहीच नाही त्यात, ते आहेतच.

कुडाळचो

ताई, वाचून डोळे भरून आले. मी पिंगुळीच्या शेजारच्या गावचा. तुमच्या शिबिराला आलेल्या तिघांपैकी एकाला ओळखतो. परत आल्यावर महिनाभर ते त्या आजींबद्दलच बोलत होते.

आमच्याकडची एक गोष्ट निधी देणाऱ्यांना कळत नाही, ती म्हणजे हंगाम. कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं. खर्च राहिला की फेब्रुवारीत फोन येतो, महिनाअखेर कार्यक्रम करा, बिलं द्या. फेब्रुवारी ते मे आमच्याकडे काजू आणि आंबा. त्या दिवसांत जो माणूस झाडाखाली नाही त्याचं वर्ष गेलं. पावसात लावणी, मग कापणी, नवरात्रात देवळांत चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ. कुठल्या घराण्याने कुठल्या देवळात खेळ करायचा हे पूर्वीपासून ठरलेलं आहे आणि ते चुकवता येत नाही. उरतो तो डिसेंबर आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा. एकदा आमच्या गावातल्या दोघांनी मार्चमधल्या एका शिबिराला जायचं कबूल केलं आणि काजू गोळा करायला माणूस लावला. माणसाची मजुरी शिबिराच्या मानधनापेक्षा जास्त झाली.

दुसरं, आमच्याकडे जे काही टिकलं ते अनुदानावर टिकलेलं नाही. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली घराच्या गुरांच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण उभं केलं. पद्मश्री मिळाली २०२१ ला. मधल्या वर्षांत जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या त्या घराने सांभाळल्या. चित्रकथीच्या पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एकाला कसर लागली की दुसरंही जातं. त्यामुळे मला विचाराल तर शिबिराच्या निधीतले एकदोन दिवस जुनी पानं दुरुस्त करायलाही ठेवा. नवं चित्र काढायला जितका आनंद होतो तितकाच आजोबांचं पान वाचवायला होतो.

कोष्टक

@कुडाळचो, मार्चच्या अडचणीवर एक वाट आहे. प्रस्ताव "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर करून घ्यायचा. असा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. त्या वर्षात न खर्चलेली रक्कम कंपनीने ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात वर्ग केली की ती पुढे वापरता येते. हे कंपनीच्या संचालक मंडळाने आधी ठरवावं लागतं, मार्चमध्ये आठवून उपयोग नाही. म्हणून प्रस्ताव जून-जुलैत द्या आणि त्यात सरळ लिहा की शिबिर डिसेंबरातच होईल, कारण शेती. तुम्ही वर लिहिलंत तेच वाक्य घाला, काजूच्या मजुरीसकट.

जुनं_दफ्तर

मी थोडं वेगळं मांडतो, कृपया राग मानू नये.

"एकत्र" या शब्दाची मला काळजी वाटते. निधी देणाऱ्याला नवं काहीतरी हवं असतं, म्हणून दोन परंपरा एकत्र आणायच्या, फोटो काढायचे आणि त्याला प्रयोग म्हणायचं. वारली चौक लग्नाच्या वेळी सवाष्णींनी भिंतीवर काढायचा असतो, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, पालघट देवी त्यात येते. ते सगळं सोडून कापडावर मारुती आला, याने आजींच्या गावाला काय मिळालं? आणि शहरातला कलाकार यात आला की नाव त्याचंच होतं हेही आपण पाहिलं आहे.

एकत्र काम होऊच नये असं माझं म्हणणं नाही. मुंबईच्या कलावंत नवज्योत अल्ताफ १९९७ पासून बस्तरमधल्या कोंडागावच्या आदिवासी कलाकारांसोबत काम करत आल्या. इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं अनुदान त्यांना मिळालं होतं. पण त्यातून जे उभं राहिलं ते गावातच राहिलं. हातपंपाभोवतीचे ओटे, तिथे घागर ठेवायची, उचलायची सोय आणि त्यावर तिथल्याच कलाकारांचं काम, त्याला नाव नलपार. मुलांसाठी पिल्ला गुडी नावाच्या जागा. पाणी भरणाऱ्या बाईला रोज उपयोग होतो अशी कला. अनुदान मागायचं तर असं काही मागा आणि सहा दिवसांसाठी नको, वर्षानुवर्षांसाठी मागा.

आणि कलाकाराला गावाबाहेर न्यायचं असेल तर फार जपून. पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम भोपाळच्या भारत भवनमुळे जगाला कळले आणि २००१ साली जपानमध्ये, घरापासून इतक्या दूर, एका निवासी कामाच्या काळात त्यांचा मृत्यू झाला. ते वय जाण्याचं नव्हतं. परतीची तारीख, सोबतीला आपल्या भाषेचं माणूस आणि मनात आलं की निघून येण्याची मोकळीक, या तीन गोष्टींचे पैसे अंदाजपत्रकात असलेच पाहिजेत.

बहारू

@जुनं_दफ्तर, राग कसला! हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

चौक आम्ही मुद्दाम टाळला. आजींनीच पहिल्या दिवशी सांगितलं की देवीचं इथे काढायचं नाही, लग्न नाही म्हणून. तो निर्णय त्यांचा आणि आम्ही पुन्हा विषय काढला नाही. नलपारचं तुम्ही लिहिलंत ते मात्र मनात रुतून बसलं. आमच्या पाड्यावरच्या विहिरीचा कठडा यंदाच बांधलाय आणि कोराच आहे. आजींना विचारते.

परतीच्या तिकिटाचं पटलं. पिंगुळीच्या काकांना चौथ्या रात्री घरची फार आठवण झाली होती. तिकीट आधीच त्यांच्या खिशात होतं, त्यामुळे ते थांबायचं की निघायचं हे त्यांनी ठरवलं. थांबले.

वाफा_नंबर_तीन

मी ग्रामसभेच्या कोष समितीवर आहे, पालघर जिल्ह्यातच. ताई, तुमचा तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभा करते. उपजीविका हा विषय त्यात बसतो. आमच्या ग्रामसभेत बायकांनी ठरवलं तेव्हाच मत्स्यबीजाला पैसे मिळाले, त्याआधी तीन वर्षं सगळं गटारात आणि पेव्हर ब्लॉकमध्ये जात होतं.

मोठी रक्कम मिळणार नाही. पण विहिरीच्या कठड्याचं काम गावातल्या चित्रकारांनी करायचं, त्यांना रोज द्यायचा, हा ठराव ग्रामसभेत सहज होईल. पिंगुळीच्या पाहुण्यांचा खर्च मात्र दुसरीकडून आणा, दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसांवर गावचा निधी खर्चायला लोक तयार होणार नाहीत आणि ते बरोबरही आहे. आराखडा बनतो तेव्हाच जा, नंतर जाऊन विनंती करू नका. आणि अर्ज तुम्ही लिहू नका. आजींना उभं राहून बोलू द्या.

र्‍हाइनकाठी

गेली बारा वर्षं ड्यूसेलडॉर्फमध्ये आहे. २००३ साली याच शहरातल्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात जिव्या सोमा मशे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचं एकत्र प्रदर्शन झालं होतं. मी तेव्हा इथे नव्हतो, इथल्या एका वयस्कर शेजारणीने सांगितलं. तिला पांढऱ्या रेघांचं माशाचं जाळं अजून आठवतं. आपल्या भागातलं चित्र तिच्या बोलण्यातून ऐकताना काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

मी आणि पत्नी मिळून पुढच्या शिबिराचा निम्मा खर्च द्यायला तयार आहोत. मी भारतीय नागरिक आहे, पत्नीने जर्मन नागरिकत्व घेतलंय. कसे पाठवू?

कोष्टक

@र्‍हाइनकाठी, विचारलंत हे फार बरं झालं, कारण इथे चांगल्या मनाची माणसं नकळत संस्थेला गोत्यात आणतात.

तुम्ही भारतीय पासपोर्टवर आहात. तुमच्या स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेले पैसे विदेशी अंशदान धरले जात नाहीत. ट्रस्टच्या साध्या खात्यात पाठवा, सोबत पासपोर्टची प्रत द्या. पत्नीचे पैसे मात्र विदेशी अंशदान होतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं) असलं तरीही. ते फक्त एफसीआरए (विदेशी अंशदानाचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेला आणि तेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच येऊ शकतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवूही शकत नाही. त्यामुळे संयुक्त खात्यातून नको, फक्त तुमच्या एकट्याच्या खात्यातून पाठवा.

काळा_डगला

वकील आहे, एकाच मुद्द्यावर लिहिते. कॅलेंडरचा किस्सा वाचला आणि राहवलं नाही.

स्वामित्व हक्क कायदा १९५७, कलम १७ वाचा. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढलं आणि उलट करार नसेल, तर त्या चित्राचा पहिला स्वामित्व हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. नोकरीत काढलं तर मालकाकडे. म्हणजे करार न करता तुम्ही चांगल्या मनाने दिलेला रोजसुद्धा उद्या कलाकाराच्या विरोधात वापरला जाऊ शकतो. निधी देणाऱ्याने कॅलेंडर छापलं तर तो कागदोपत्री बरोबर ठरेल.

उपाय एका पानाचा आहे. मराठीत लिहा: हा रोज वेळेचा आहे, चित्राचा नाही. चित्र आणि त्याचे सर्व हक्क काढणाऱ्यांचे. दोघांनी मिळून काढलं आणि कुणाचं किती हे वेगळं करता येत नसेल तर हक्क दोघांचे मिळून, विक्री झाली तर निम्मे-निम्मे. छायाचित्र छापायचं तर दोघांची लेखी परवानगी आणि दोघांची नावं. निधी देणाऱ्याची सही त्यावर घ्या, पैसे येण्याआधी. नंतर कुणी करत नाही. वाचून दाखवा, अंगठा असेल तर दोन साक्षीदार. मसुदा मी विनामूल्य करून देते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पण ते समाजाच्या कलेच्या नावाला संरक्षण देतं. आजींच्या एका चित्राला वाचवायला हे पानच लागेल.

लाकडी_बैल

मी सावंतवाडीकडचा, घरी लाकडी खेळण्यांचं काम आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत बाहुली-खेळणी करणारे १८ व्यवसायांत येतात. मला प्रशिक्षणाच्या दिवसांना ५०० रुपये रोज मिळाला आणि अवजारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर. चित्रकार त्या यादीत नाहीत. पिंगुळीत बाहुल्या कोरणारे आहेत, त्यांनी चौकशी करावी. शिबिराचा खर्च यातून निघणार नाही, पण सरकारसुद्धा प्रशिक्षणार्थीला दिवसाचे पैसे देतं हे कंपन्यांना दाखवायला उपयोगी पडेल.

आणि पुढच्या वेळी एखादा खेळणीवालाही बोलवा ताई. रंग लाखेचे, आमचे आम्ही घेऊन येतो.

बहारू

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांत इतकं मिळालं की वहीची बारा पानं भरली.

काल संध्याकाळी पाड्यावर जाऊन आले. ठरलंय ते असं: शिबिर ८ ते १५ डिसेंबर. माणसं दहा, त्यात एक खेळणीवाला. रोज १,२००. त्यातले दोन दिवस पोथीची जुनी पानं दुरुस्त करायला. विहिरीच्या कठड्याचा ठराव ग्रामसभेत आजी स्वतः मांडणार आहेत. तालुक्यातल्या एका ट्रस्टशी बोलणं झालंय. ते पाच टक्के ठेवतील आणि रोज दर दिवशी संध्याकाळी हातात देतील. बँक खात्यातच हवा म्हणणाऱ्यांना खात्यात. @काळा_डगला, व्यनि केलाय. @र्‍हाइनकाठी, ट्रस्टचा खाते क्रमांक कोष्टक यांनी तपासला की कळवते.

आजींना एक पानाचा करार काय असतो ते समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, "आणि एखादा दिवस मला काही सुचलंच नाही, नुसती बसून राहिले, तरी त्या दिवसाचे?" म्हटलं, त्या दिवसाचेही. त्या उठून आत गेल्या आणि सुपात तांदूळ घेऊन आल्या, यंदाचा नवा. म्हणाल्या, पांढरा रंग विकत आणू नकोस, मागच्या वेळचा भिंतीवर धरला नाही, पीठ मीच दळून ठेवते. अंदाजपत्रकातून पांढऱ्या रंगाचे ६०० रुपये काढलेत आणि तांदळाचे म्हणून त्यांच्या नावावर टाकलेत.